हनीफ, तू आधी विचारायला सांगितलंस

हनीफ,

तुला माती द्यायला मी उशिरा पोचलो. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

त्या मंगळवारी मी धारूरच्या वरच्या अंगाला एका वाडीवर मेंढरांना लस टोचत होतो. तुला माहीत आहे, तिथं फोनला रेंज नसते. दुपारी खाली उतरलो आणि खिशातला फोन थरथरायला लागला तो थांबेचना. सगळे कॉल आपल्या गिटारवाल्या सुधाकरचे. मी गाडी बाजूला घेऊन फोन लावला तर तो एवढंच म्हणाला, "बिरा, हनीफ गेला. सकाळी दुकानाचं शटर वर करताना छातीत कळ आली. दवाखान्यापोतर बी न्हाई टिकला. दुपारच्या नमाजनंतर दफन हाय, तू तसाच निघ."

तसाच निघालो. माजलगावच्या कब्रस्तानाशी पोचलो तेव्हा लोक नळावर हात धुऊन बाहेर पडत होते. माझ्या हाताला मेंढरांवर खूण करायचा लाल रंग कोपरापर्यंत लागलेला. तसल्या हातांनी आत जावं की नाही, हे मला कळेना. तुझा चुलतभाऊ मला बघून मागं फिरला. माझं मनगट धरून त्यानं मला तुझ्यापर्यंत नेलं आणि म्हणाला, "डालो भाई, आप भी डालो." मी तीन मुठी टाकल्या. माती अजून ओली होती.

पंचवीस वर्षं तू मला एकाच गोष्टीवरून शिव्या घातल्यास, "बिऱ्या, तू ठोक्याच्या मागं ऱ्हातो बे." त्या दिवशीही मागंच राहिलो.

सुधाकरनं पेपरात छोटी बातमी दिली. रेडिएटर मेस्त्री हनीफभाई यांचं निधन, एवढीच. तू ड्रम वाजवायचास असं त्यानं बातमीदाराला सांगितलं, तर त्यानं विचारलं, "लग्नाच्या बँडमध्ये का?" सुधाकर हो म्हणाला. त्याच्यात त्या दिवशी समजावून सांगायची ताकद नव्हती. म्हणून मी इथं समजावून सांगतो. तू हसशील. पण तुला लिहायच्या निमित्तानं कुणाला तरी कळू दे.

आयटीआयमध्ये आपण एका बाकावर होतो. मी धनगराचा, बालाघाटातून आलेला. तू माजलगावच्या बँड पार्टीवाल्याचा. तुझे मामू आखातातून परतले तेव्हा त्यांच्याबरोबर जुन्या कॅसेटींची एक पिशवी आली होती. सगळ्या गझला आणि सिनेमाची गाणी, आणि त्यात एक कॅसेट अशी की वर झेरॉक्स काढलेला काळा कागद आणि वाचता न येणारं नाव. तुझ्या खोलीत आपण ती लावली आणि दोघंही घाबरलो. एक माणूस जिवाच्या आकांतानं ओरडत होता, आणि मागं पत्र्याच्या शेडवर दगडांचा पाऊस पडावा तसं काहीतरी चाललं होतं. तू म्हणालास, टेपचा पट्टा ढिला झालाय, मशीन पळतंय. तू टेप खोलला, नवा पट्टा घातला, हेड स्पिरिटनं पुसलं. मग गझल लावून बघितली, ती नीट वाजली. परत ती कॅसेट लावली. परत तेच. तू माझ्याकडं बघून म्हणालास, "बिऱ्या, मशीन ठीक हाय. ही मानसंच अशी हायत."

त्या प्रकाराला हार्डकोर पंक म्हणतात, आणि त्यातल्या जड, गंजलेल्या आवाजाच्या पोटप्रकाराला क्रस्ट, हे आपल्याला चार-पाच वर्षांनी सुधाकरनं सांगितलं. त्याला तेवढी अक्कल होती, कारण त्याच्याकडं गिटार होती आणि संभाजीनगरला जाऊन तो कॉम्प्युटरवर बसायचा. आपल्याला फक्त एवढं कळलं होतं की गाणं दीड मिनिटात संपतं, त्यात कुणी कुणाला रिझवत नाही, आणि ते करायला गोड गळा लागत नाही.

ड्रम तू स्वतः केलास. अब्बांच्या बँड पार्टीचा मोठा ढोल आडवा ठेवला, बाजूचा ताशा घेतला, झांजांची एक जोडी सळईवर टांगली. पायाचं पेडल तर ट्रकच्या क्लचच्या स्प्रिंगपासून वेल्डिंग करून बनवलंस. अब्बा बघून म्हणाले, "ये ढोल पे बरातां नाची हैं, इसकू मारता काहे कू?" तू म्हणालास, "अब्बा, मारता नहीं, पूछता हूं." तेव्हा मला ते नुसतं लाडीगोडीचं बोलणं वाटलं होतं.

आणि माझा आवाज सापडला तो आमच्या वाड्यावर. वाडा म्हणजे मेंढरं बसवायची जागा. धारूरच्या किल्ल्यामागच्या उतारावर आम्ही उतरलो होतो. आक्का, माझी मोठी बहीण, तुला भाकरी आणि ठेचा वाढत होती. दरीपलीकडं एक मेंढी चुकली होती म्हणून मी हाळी दिली. आमच्यात लहानपणापासून तसंच ओरडतात, पोटातून, म्हणजे समोरच्या डोंगराला लागून आवाज परत येतो. तू तोंडातला घास तसाच ठेवून उभा राहिलास. "परत वरड बे." मी ओरडलो. "आजून एकदा." आक्का म्हणाली, "मेंढी आली की रं, आता काहून वरडायलास?" तू तिला म्हणालास, "आक्का, मेंढीसाठी न्हाई, माझ्यासाठी."

नावावरून आपलं पहिलं भांडण झालं. तू म्हणालास, जंग. मला आवडलं, कारण मला वाटलं लढाई. ढोलावर मी लाल रंगानं दोन तलवारीही काढल्या. तू त्या रॉकेलनं पुसून टाकल्यास. "बे, आमच्यात जंग म्हंजी गंज बी व्हतो. लोखंडाला लागतो तो. मी दिसभर तेच खरडत असतो." मी म्हणालो, लोक लढाईच समजणार. तू म्हणालास, समजू दे.

सुधाकरच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आपण सहा मिनिटांत चार गाणी वाजवली. आवाजाचा माणूस दोनदा धावत स्टेजवर आला, त्याला वाटलं मशीन जळतंय. आपण थांबलो, सगळा हॉल गप्प, आणि पहिल्या रांगेतले सर उठून म्हणाले, "माईक टेस्टिंग झालं असेल तर आता गाणं सुरू करा." तू काठ्या तोंडावर धरून हसत होतास. मागं वळून बघितलं तर तुझे खांदे हलत होते.

मग जे सगळ्यांचं होतं ते झालं. मी जनावरांच्या दवाखान्यात लागलो. सुधाकरनं गेवराईजवळ हायवेला लागून कोंबड्यांचं शेड टाकलं. अब्बा गेले, बँड पार्टी मोडली, तू मोंढ्याच्या रस्त्याला रेडिएटरचं दुकान काढलंस. आपण लग्नात भेटायचो आणि मयतीत भेटायचो. ढोल तुझ्या दुकानाच्या माळ्यावर गेला.

दोन वर्षांपूर्वी तू मोटारसायकलवर धारूरला आलास, न सांगता. दवाखान्यात एका शेळीला सलाईन लावत होतो. तू काही न बोलता फोन माझ्या कानाला लावलास. मामूंच्या कॅसेटवर जे ओरडत होते, त्याच माणसांनी इतक्या वर्षांनी नवी रेकॉर्ड काढली होती. तू मला त्यांचा फोटो दाखवलास. पांढऱ्या दाढ्या, सुटलेली पोटं, एकानं तर वाचायचा चष्मा गळ्यात अडकवलेला. मी ऐकलं. त्या शेळीनंही ऐकलं, बिचारी.

"हळू झालेत," मी म्हणालो.

"हळू झालेत, पर जड झालेत," तू म्हणालास. "तवा नुस्ते पळत व्हते. आता पाय ठिवतेत तिथं खड्डा पडतो. बिऱ्या, आपन बी करू. आपल्याला आता जमंल."

मी म्हणालो, पन्नाशीला आलेल्या माणसानं ओरडणं शोभत नाही. आता राग येतो तोही बीपीच्या गोळीसारखा, सकाळी एकदा. यावर तू जे बोललास त्यावर आपण दोन वर्षं वाद घातला, आणि तो मिटला नाही. तू म्हणालास, "राग कमी न्हाई झाला, तुला नीट दिसायलाय म्हून तू थांबायलास. तसंच थांबून थांबून वरड." मी म्हणत राहिलो, थांबून ओरडतात त्याला भाषण म्हणतात. आजही मी तेच म्हणेन. तू उत्तर दे.

रेकॉर्ड आपण सुधाकरच्या शेडमध्ये केली. कोंबड्यांची एक बॅच गेली होती, दुसरी यायला महिना होता. शेड धुऊन चुना मारला तरी वास गेला नाही. भिंतींना गोणपाटं आणि घरातल्या जुन्या वाकळा टांगल्या. तरी हायवेवरचा हॉर्न आत यायचा, आणि दोन गाण्यांत तो आहेच. पुण्यात एक बाई असल्या रेकॉर्डी काढते, आपण त्या काळी घरच्या टेपवर भरलेली कॅसेट तिनं कुठून तरी ऐकली होती. हॉर्न काढू नका, असं तिनं कळवलं. दर रविवारी आपण जमायचो. तू दोन गाण्यांनंतर बाहेर जाऊन बाजेवर बसायचास. कपाळावर घाम. मी विचारलं की म्हणायचास, "कोंबड्याची धूळ हाय बे, छातीत बसती."

मी मान्य केलं. हनीफ, मी जनावराच्या बरगडीवर कान लावून रोज सांगतो, हिच्या छातीत पाणी आहे, हिला न्या. तुझ्याजवळ हातभर अंतरावर बसून चहा पीत होतो, आणि धूळ म्हणालास ती मी धूळ मानली.

आता त्या भांडणाचं लिहितो. ते टाळून तुला काही लिहिण्यात अर्थ नाही.

मी एक गाणं लिहिलं होतं, 'पिशवी'. आक्काचं. लग्नानंतर आक्का नवऱ्याबरोबर दर वर्षी ऊस तोडायला जायची. तिशी यायच्या आत तिची गर्भपिशवी काढून टाकली. आपल्या जिल्ह्यात हे वाचणाऱ्याला फोड करून सांगावं लागत नाही. बाहेरच्यासाठी सांगतो, की तोडीच्या हंगामात बाईचा एक दिवस पडला तरी तो खाडा धरतात, आणि पाळी आली, पोट दुखलं म्हणून काम थांबत नाही. म्हणून बायका पिशवीच काढून घेतात. मी ते सगळं गाण्यात घातलं, आक्काच्या नावासकट. मला ते आपलं सगळ्यात चांगलं गाणं वाटत होतं.

आपण ते पहिल्यांदा वाजवलं आणि तू अर्ध्यावर थांबलास. काठ्या मांडीवर ठेवल्यास.

"आक्काला इचारलं का?"

"काय इचारायचं? खरंच हाय की सगळं."

"खरं हाय म्हून तुझं हाय का?"

सुधाकर गिटारीच्या तारा पुसायला लागला. मी म्हणालो, हे पंक आहे, इथं परवानग्या काढत बसत नाहीत. तू म्हणालास, "तिच्या पोटावरची टाक्याची रेघ तू माईकवर दाखवायलास. तिनं तुला कवा दाखवली व्हती का?" तिनं कधीच दाखवली नव्हती. घरात त्यावर एक शब्द कुणी बोललं नव्हतं. मला आईकडून कळलं होतं, तेही आडून. तू बरोबर बोलत होतास, आणि म्हणूनच मी ते बोललो. मी म्हणालो, "तू बँडवाला हायस, बँडवाल्यानं सांगितलेलं गाणं वाजवायचं. कुनाची वरात हाय ते इचारायचं न्हाई."

तू उठलास. पेडल सोडवून पिशवीत घातलंस. सुधाकर तुझ्या मागं गेटपर्यंत आला, त्याला म्हणालास, "अब्बा बी इचारायचे रे. नवरीला कोनचं गाणं आवडतं ते घरी जाऊन इचारायचे, मंग वाजवायचे." हे सुधाकरनं मला तू गेल्यावर सांगितलं. तुझ्या मयतीनंतर नाही, त्याच दिवशी, गाडी नजरेआड झाल्यावर. म्हणजे मला तेव्हाच फोन करता आला असता. मी केला नाही.

पंधरा-वीस दिवस गेले. मग आक्काचा फोन आला.

"बिरा, हनीफ आलता घरी."

मी विचारलं,

"कशाला?"

"आसंच म्हनला, भाकरी खायला. मंग म्हनला, बिरानं तुझ्यावर गानं केलंय, लई चांगलं, पर तुला ऐकवायला लाजायलाय. काहून लाजतोस रं? बहीन हाय मी तुझी."

तू तिला खरं सांगितलं नाहीस. भाऊ तुला न विचारता तुझं नाव ओरडणार होता, हे तू तिला कळू दिलं नाहीस. मला लाजाळू केलंस आणि वाट मोकळी ठेवलीस.

मी गेलो. आक्का अंगणात शेंगा फोडत होती. मी फोनवर त्या दिवशी भरलेलं अर्धं गाणं लावलं. तिनं होतं तेवढं ऐकलं, मान वाकडी करून, जणू दरीपलीकडचं ऐकते. मग म्हणाली, "हे तर नुस्तं वरडनं हाय. काय म्हनलास ते वाचून दाव." मी कागद काढला आणि वाचायला लागलो. बहिणीसमोर त्या गोष्टी साध्या आवाजात वाचायच्या होत्या. ओरडणं लई सोपं होतं, हनीफ. ती शेंगा फोडत राहिली. संपल्यावर म्हणाली,

"माझं नाव काढ."

"काढतो."

"आन् एक चुकलंय. तू लिव्हलंस, त्या दिशी मी रडले. मी न्हाई रडले. मी खूश झालते. डॉक्टर म्हनला, आता दर म्हैन्याची कटकट गेली. मला वाटलं, सुटले. आता खाडा न्हाई, काई न्हाई. खाटंवर पडून हसले मी, शेजारच्या बाईबरूबर. हसले त्याचं रडू मला लई वर्सांनी आलं. हाडं दुखायला लागली, आंग पेटायला लागलं, तवा. तू ते लिव्ह."

मी म्हणालो, "आक्का, हे मला लिहिता येणार नाही. तूच बोल."

पुढच्या रविवारी मी तिला मोटारसायकलवर बसवून गेवराईला घेऊन आलो. तू शेडमध्ये आधीच होतास, पेडल बसवलेलं. माझ्याकडं बघितलं नाहीस, तिच्यासाठी बाज पुढं ओढलीस आणि तीवर धुतलेलं धोतर अंथरलंस. माईक तिच्या तोंडापुढं नको, बाजूला ठेव, असं सुधाकरला सांगितलंस, म्हणजे तिला कुणीतरी ऐकतंय असं वाटणार नाही. ती बोलली. एकदाच, सलग, जशी माझ्याशी बोलली तशी. मधे हायवेवर एक ट्रक गेला, ती थांबली, ट्रक गेल्यावर पुढं बोलली. तू काठ्या मांडीवर घेऊन खाली मान घालून बसला होतास.

जाताना तुझ्या गाडीशी मी उभा राहिलो. मला दोन गोष्टी म्हणायच्या होत्या. बँडवाला म्हणालो ते चुकलं, ही एक. तू आक्काकडं गेलास त्याबद्दल काय म्हणू, ही दुसरी. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी येतोस ना?" तू म्हणालास, "येतो की." आणि किक मारलीस.

एवढंच झालं. त्या दोन गोष्टी आता इथं लिहितो. चुकलं माझं, हनीफ. तू आक्काच्या घरी गेलास म्हणून तिची आणि माझी तीस वर्षांत न झालेली गोष्ट झाली.

तू गेल्यावर बाराव्या दिवशी रेकॉर्डींचं खोकं आलं. रेकॉर्ड वाजवायचं मशीन आपल्या तिघांपैकी कुणाकडंच नाही, हे तुला आधीच हास्यास्पद वाटायचं. मी फोनवरच ऐकली, धारूरच्या घाटात गाडी लावून. आक्काचं बोलणं संपतं आणि पुढचा ठोका पडतो, त्यामध्ये किती थांबायचं यावरही आपलं जुळलं नव्हतं. तू म्हणायचास, "ती बोलली की लगीच धाडधाड करायचं न्हाई. तिचं बोलनं खाली बसू दे." मी म्हणायचो, लोकांना वाटेल रेकॉर्ड संपली. सुधाकरनं तुझं ऐकलंय. तिथं पाच-सहा सेकंद काहीच नाही. आणि त्या काहीच नसण्यात तुझा श्वास ऐकू येतो. माईक तसाच चालू राहिला होता. आत घेताना बारीक शिट्टी, सोडताना घरघर. मी दहा वेळा ऐकलं. कुठल्याही जनावराच्या बाबतीत मी एका वेळेत ओळखलं असतं.

सुधाकरला विचारलं, तो तुकडा काढता येईल का. तो म्हणाला, छापून आली बिरा, आता काय काढतोस. मग मला बरं वाटलं की काढता येत नाही.

गेल्या रविवारी मी आणि आक्का तुझ्या घरी गेलो. भाभी इद्दतीत आहे, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर येत नाहीत, म्हणून मी बाहेर ओसरीवर बसलो आणि आक्का पडद्याआड तिच्याजवळ गेली. मी रेकॉर्ड आत पाठवली. मयतीच्या घरात वाजवणार नाही, नुसती ठेवून घ्या म्हणालो. थोड्या वेळानं भाभीचा आवाज आला.

"भाईजान, पच्चीस साल मैं वो धडधड सुनी. उसमें तुमे बोलते क्या हैं, मेरे कू कभी समझाच नहीं. पढ़ के सुनाते क्या?"

मी वाचलं. सगळी नऊ गाणी, एकामागून एक, ओसरीवर बसून, साध्या आवाजात. तुझ्या दुकानावरचं गाणं वाचलं तेव्हा ती आत हसली. 'पिशवी'च्या जागी मी थांबलो, कारण तिथलं माझं नाही. आक्कानं ते आतून बोलून दाखवलं. मग दोघींचं कुजबुजणं. मी चपलांकडं बघत बसलो.

परतीच्या वाटेवर तेलगावच्या फाट्यावर आम्ही चहाला थांबलो. आक्का बशी हातात घेऊन म्हणाली, "तुला एक सांगायचं हाय. मी भाभीला इचारलं, बिराला सांगू का, म्हनून. सांग म्हनली. तिची बी काढलीय रं. लेकीच्या पाठीवर, दोन-तीन वर्सांनी. ती काय ऊसतोडीला न्हवती गेली, तरी बी. काढून टाका म्हनले, टाकली."

मी चहा खाली ठेवला.

तुला ते माहीत होतं. शेडमध्ये काठ्या मांडीवर ठेवल्यास तेव्हा तुला ते माहीत होतं. एक वाक्य बोलला असतास तर मी तिथल्या तिथं गप्प झालो असतो. मी तुला बँडवाला म्हणालो, तरीही ते वाक्य तू काढलं नाहीस. ते तिचं होतं, आणि तिला तू विचारलेलं नव्हतंस.

हे सगळं लिहायला बसलो आणि इथं येऊन चार दिवस अडलो. मग काल सकाळी भाभीला फोन केला. म्हणालो, भाभी, हनीफबद्दल लिहितोय, त्यात तुमचं हे लिहू का? नाही म्हणालात तर तेवढं सोडून देतो, कुणाला कळणार नाही.

ती म्हणाली,

"लिखो भाईजान. नाम नक्को डालो."

"नाही टाकत."

"और मेरा लिखते तो पूरा लिखो. उस रोज उनो दुकान बंद रखे थे. दिन भर मेरे पलंग के बाजू बैठके मोसंबी छीलके देते थे. बात कुछ नहीं करे. खाली उंगलियां पलंग की पट्टी पे चलती थी, उनकू खुद कू मालूम नहीं था. फिर एकदम रोक लिए, मेरे कू तकलीफ होती बोलके. मैं बोली, रोको मत. बजाओ, पर हल्लू."